वाहनखर्च : निरंक

विजेचं बिल झालं, दुधाचं झालं, साबण-सोड्याचं झालं, आणि मग खजिनदारांच्या हाताला पेटीचं बिल लागलं. लाकडी पेटी, एक नग. त्यांच्या कपाळाला सवयीने आठी पडली. पांघरुणं ठेवायला पेट्या गेल्याच वर्षी घेतल्या होत्या, मग ही आणखी एक कुणाला विचारून घेतली? पण कागद चोख होते, नाव ठेवायला जागा नव्हती. बिलामागे तीन दुकानांची तीन दरपत्रकं टाचलेली, त्यांची तुलना करणारा तक्ता, आणि सर्वांत कमी दर नाकारला असेल तर त्याचं कारण लिहायची जी खालची ओळ, तीही भरलेली. बालगृहाच्या ताईंचं ते गोल, शाळकरी अक्षर. 'सर्वांत कमी दराची पेटी लांबीला कमी पडत होती. मुलगी यंदा वाढली होती.' खजिनदारांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि परत वाचलं. खालच्या मजल्यावरच्या छापखान्यात यंत्र चालू होतं, त्याने टेबल नेहमीसारखं बारीक थरथरत होतं. बिलावरची तारीख मुलगी गेली त्या दिवसाची होती.

मुलगी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. ते तेव्हा लेकीकडे होते, दूरच्या गावी, नातवाला बघायला. फोनवर कळलं होतं. वाईटही वाटलं होतं, जसं वाटायला हवं तसं. पण फोनवर ऐकलेलं मरण आणि हातात धरलेलं मरण ह्यांत फरक असतो, आणि इथे तर तक्ताच होता, दुकानाचं नाव, लाकडाचा प्रकार, लांबी, दर. म्हणजे ताई इस्पितळातून बाहेर पडल्या असणार आणि एका दुकानात गेल्या असणार. तिथे दर लिहून मागितला असणार, सही-शिक्क्यासकट. मग दुसऱ्या दुकानात. मग तिसऱ्या. पोर तिकडे इस्पितळाच्या थंड खोलीत, आणि ही बाई रस्ता ओलांडून, पदर सावरून, लांबी हाताने दाखवत. दुकानदार काय म्हणाला असेल? असल्या वेळी घासाघीस कोण करतं? आईबाप तर मागाल ते देऊन मोकळे होतात, पैसे मोजतसुद्धा नाहीत. ह्या मुलीला आईबाप नव्हते. संस्था होती, आणि संस्थेला खजिनदार होते.

आता त्या तीन दरांच्या नियमाची गंमत सांगायची, तर तो नियम वाईट नव्हता. कुणी काही म्हणो, नव्हता. खजिनदार बँकेतून निवृत्त झाले, जन्मभर शाखाशाखांतून हिशेब तपासत हिंडलेला माणूस, आणि त्याच सुमाराला संस्थेत बोंब झाली. आधीचे व्यवस्थापक सगळी खरेदी मेव्हण्याच्या दुकानातून करत होते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, तर इथे कुंपणाने शेत खाऊन वर ढेकर दिला होता. मुलांच्या पेल्यात दूध म्हणून जे यायचं त्यातून पेल्याचा तळ दिसायचा. देणगीदार पाठ फिरवून गेले. तेव्हा अध्यक्ष खजिनदारांच्या घरी येऊन हात जोडून बसले, आणि खजिनदार आले. त्यांनी डोळ्यांत तेल घालून एकेक भोक बुजवलं. छोटीमोठी कसलीही खरेदी तीन दरांशिवाय नाही. पावतीशिवाय पैसा नाही. गाडी करायची तर आधी परवानगी, नाहीतर बस आहे. दोन वर्षांत दूध घट्ट झालं. मुलांना साय दिसायला लागली, आणि एक लहानगी ती बघून रडली म्हणे, दुधाला काहीतरी झालंय म्हणून. देणगीदार परतले. जुने परतले, नवे आले, आणि सगळे एकच सांगायचे, तुमच्याकडे पैसा कुठे गेला ते कळतं हो. खजिनदारांना त्या वाक्याने जितकं सुख झालं तितकं बँकेतल्या बढतीने कधी झालं नव्हतं. मुलं त्यांना पावतीआजोबा म्हणत. त्यांना ते आवडायचं, दाखवत नसत एवढंच.

समोरच्या टेबलावरचा कारकून मान उंच करून बघत होता. भला माणूस, पण त्याला दुसऱ्याची शांतता सोसायची नाही.

"साहेब, त्यात काही राहिलंय का? मी तपासलं होतं ते."

"नाही. बरोबर आहे."

"ताईंचे कागद म्हणजे बघायला नको. पूर्वी किती परत जायचे! आता एक जात नाही. तयार केलंत तुम्ही त्यांना." मग त्याला पेटी आठवली असावी, कारण आवाज खाली आला. "बाकी वाईट झालं हो. सकाळपासून ताप होता, शाळेत नव्हती पाठवली. दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला झटके यायला लागले. डॉक्टर म्हणाले म्हणे, थोडं आधी आणायला हवं होतं."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर. म्हणजे मला तिथल्या मावशी सांगत होत्या. आता डॉक्टरांचं काय, ते सगळ्यांनाच म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पण म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं, आणि सासरे तर आठ दिवस त्यांच्याच इस्पितळात पडून होते."

खजिनदार हसले नाहीत. त्यांनी गठ्ठा परत पहिल्यापासून चाळायला घेतला. इंजेक्शनं होती. इस्पितळाचं बिल होतं. दफनभूमीची पावती होती. ताईंनी फुलांचीसुद्धा पावती आणली होती, चुरगळलेली, सरळ करून चिकटवलेली. नव्हतं ते गाडीचं बिल. त्यांनी कागद एकमेकांना चिकटले असतील म्हणून बोटाला थुंकी लावून सुटे करून पाहिले. नव्हतंच. बालगृहापासून इस्पितळ म्हणजे शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे नदीवरचा पूल, आणि त्या बाजूला जाणारी बस ही एकच, तिची ख्याती सगळ्यांना ठाऊक. आली तर आली. मग झटके आलेलं पोर तिकडे पोचलं कसं?

आणि आठवायचं नव्हतं ते आठवलं. चार वर्षं झाली असतील. एका मुलाचा झाडावरून पडून हात मोडला होता आणि ताईंनी गाडी करून त्याला नेलं होतं, परवानगीशिवाय. बिल आलं तेव्हा कार्यकारिणीची बैठक चालू होती, चहा आला होता, सगळे जरा सैलावले होते. खजिनदार बिल वर धरून म्हणाले होते, "ताई, पोराचा हात मोडला होता ना? पाय तर धड होते. बसमध्ये चढला असता की." हशा झाला. अध्यक्षांच्या तर बशीत चहा सांडला. खजिनदारांचा तसा विनोदाशी संबंध बेताचाच, त्यामुळे आपलं वाक्य जमलं ह्याचा त्यांना दिवसभर आनंद पुरला. ताईसुद्धा हसल्या होत्या. दाराशी उभ्या राहून, हात पुढे बांधून, हसल्या होत्या. बिल परत गेलं, त्यांनी ते पदरचे पैसे घालून भागवलं असणार, आणि त्यानंतर गाडीचं एकही बिल आलं नाही. दरवर्षीच्या अहवालात खजिनदार अभिमानाने लिहीत आले होते, वाहनखर्च निरंक. निरंक म्हणजे शून्य. त्यांना वाटलं होतं, शिस्त लागली.

दुपारी घरी जेवायला गेले तर घास फिरेना. बायको समोर बसून बघत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिची जीभ काही बोथट झाली नव्हती.

"जेवताय की ताटाची तपासणी चाललीय?"

"भूक नाही."

"सकाळी होती. वाटेत कुठे सांडली?"

मग त्यांनी पेटीचं सांगितलं. गाडीचं नाही सांगितलं, ते त्यांच्या तोंडातून निघेना. बायको वाढायची थांबली.

"तीन दुकानं?"

"नियम आहे तसा."

"नियम कुणी केला?"

"नियम चांगला आहे."

"मी कुठे वाईट म्हणतेय?" ती म्हणाली. "तुम्ही पण चांगलेच आहात. त्याचंच तर." वाक्य पुरं न करता तिने त्यांच्यापुढचं ताट उचललं, आणि आत नळ सोडल्याचा आवाज आला. खजिनदार हात न धुता तसेच बसून राहिले, आणि बसल्याजागी लेकीच्या घरचा तो फोन त्यांच्या कानात पुन्हा वाजला. नातू मांडीवर होता. पलीकडून ताईंचा आवाज आला, गेली हो काका, एवढंच, आणि मागे इस्पितळातली ढकलगाडी कुरकुरत गेली. ते म्हणाले, अरेरे. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, कारण पलीकडे कुणी बोलत नव्हतं आणि त्या शांततेत त्यांना कसंतरी व्हायला लागलं होतं, ते म्हणाले, बिलं तेवढी सगळी नीट ठेवा. शपथेवर सांगायचं तर त्यांना ते म्हणायचंच नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय. माणूस पाय घसरला की हाताला लागेल ते धरतो, तसं त्यांच्या हाताला जन्मभराचं हेच वाक्य लागलं. लेक ओट्याशी उभी होती, तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग नातवाला तिने येऊन मांडीवरून उचलून नेलं, त्याची झोपायची वेळ झाली म्हणून. वेळ झाली नव्हती.

बालगृहाकडे जायला ते तिसऱ्या प्रहरी निघाले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, एकच प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ताईंनी गाडी केली होती की बसची वाट पाहिली होती? गाडी केली असेल आणि बिल तेवढं लाजेकाजेस्तव लावलं नसेल, तर प्रश्न मिटला. पैसे त्यांच्या हातात ठेवायचे, माफी मागायची, जमलं तर. पण वाट पाहिली असेल तर? त्यापुढे त्यांचं मन जायलाच तयार नव्हतं, दारापर्यंत जाऊन परत येत होतं. बसथांब्यावर ऊन उतरलं होतं पण फरशी तापलेली होती. बस येत नव्हती. शेजारी एक बाई खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन उभी होती. मुलाचे पाय तिच्या कमरेशी लोंबत होते, एका पायात मोजा होता आणि एका पायात नव्हता. खजिनदार बसच्या दिशेला बघायचे आणि मग त्या पायांकडे बघायचे. बाईने मूल ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. किती जड असतं झोपलेलं मूल. आणि तापलेलं? झटके येणारं? त्याला तर धरूनसुद्धा ठेवता येत नसेल. ताई तशा किरकोळ अंगाच्या. त्या उभ्या राहिल्या असतील का इथल्यासारख्याच, बालगृहासमोरच्या थांब्यावर, वळणाकडे डोळे लावून? समोरून रिकाम्या गाड्या जात असतील. हात वर करायचा अवकाश. हात तेवढा वर झाला नसेल, कारण हात वर करताना कुणाचं तरी वाक्य आठवलं असेल, आणि चहा पिणाऱ्या माणसांचं हसणं.

त्यांची स्वतःची लेक तीनचार वर्षांची असताना अशीच तापाने फणफणली होती. डोळे पांढरे केले होते तिने. खजिनदार तिला खांद्यावर टाकून अनवाणी रस्त्यावर धावले होते आणि जी पहिली गाडी दिसली तिच्यापुढे चक्क आडवे झाले होते. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, मग पोर बघितली आणि दार उघडलं. भाडं किती दिलं? ते आज त्यांना आठवत नव्हतं. त्यांना आयुष्यातलं प्रत्येक भाडं आठवायचं, लग्नाला नेलेल्या बँडवाल्याने किती जास्त घेतले ते आठवायचं, आणि हे आठवत नव्हतं. खिशातलं होतं नव्हतं ते काढून दिलं असेल. पावती? कसली पावती. पोर वाचली, आज तिला पोर आहे. ते गाडीपुढे आडवे झाले तेव्हा त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती, आणि कुणी त्यांच्याकडे मागितलीही नसती, कारण पोर त्यांची होती. ताईंना ती लागत होती, मुलगी त्यांची नव्हती म्हणून. पण मग ती होती कुणाची? अहवालात लिहायचे ते, आपली मुलं. दरवर्षी, पहिल्याच पानावर.

बस आली. आली तेव्हा भरून आली, आणि पूल ओलांडून शाळांच्या रस्त्याला लागली ती तिथेच रुतली. शाळा सुटल्या होत्या. दोन्ही बाजूंनी गाड्या, मुलं, सायकली, मुलांना न्यायला आलेले लोक, जो तो भोंगा वाजवतोय आणि कुणी जागचं हलत नाही. रोजचंच होतं हे, कंडक्टर म्हणाला, ह्या वेळेला इथून मुंगी जाईल तर शपथ. खिडकीबाहेर दप्तरं पाठीवर घेऊन पोरं फूटपाथवरून बसच्या पुढे निघून जात होती. त्यांचे बूट बघता बघता खजिनदारांना ती मुलगी आठवली. खरं म्हणजे त्यांना मुलं वेगवेगळी आठवत नसत, संख्या आठवायची. पण हिला सगळे वकीलबाई म्हणायचे आणि ती एकदा खटला घेऊन थेट त्यांच्याकडे आली होती. बूट एक माप मोठेच घ्यायचे हाही त्यांचाच नियम, म्हणजे दोन वर्षं जातात. पुढे कागदाचा बोळा घातला की झालं. सगळं बालगृह अंगणात फटकफटक वाजत चालायचं. तर ही समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, माझा पाय ह्यात हरवतो."

"वाढत्या अंगाचे आहेत ते," ते म्हणाले होते. "पुढच्या वर्षी बरोबर बसतील."

"पण मी आत्ता चालतेय."

ते हसले होते. घरी येऊन बायकोलाही सांगितलं होतं, काय एकेक पोरं असतात. बायको हसली नव्हती, ती म्हणाली होती, मग काय केलंत? त्यावर करायचं काय होतं? पुढच्या वर्षी बसणारच होते. मुलगी यंदा वाढली होती. बस हलली आणि समोरच्या दांड्यावर त्यांचं कपाळ आपटलं, जोरात नव्हे, पण डोळ्यांत पाणी यायला ते निमित्त पुरलं, आणि शेजारचा माणूस म्हणाला, लागलं का हो? ते म्हणाले, नाही.

बालगृहाच्या फाटकाशी पोचले तर अंगणातली मुलं त्यांना बघून थबकली. एक जण ओरडला, पावतीआजोबा आले, आणि दोघीतिघींनी कपडे झटकले. मावशींनी पाण्याचा पेला आणून दिला. जुन्या बाई, तोंडाने फटकळ. "आज न कळवता आलात? सगळं जागेवर आहे बरं. बघा हवं तर."

"बघायला नाही आलो. ताई कुठायत?"

"चादरींच्या खोलीत. आठ दिवस झाले, तिथेच असतात. धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला काढतात. मी म्हटलं, बाई, चादरींना काय झालंय? तर ऐकत नाहीत." मावशी पेला परत घेताना थांबल्या. "तुम्ही सांगा जरा जेवायला. तुमचं ऐकतात."

चादरींच्या खोलीला एकच खिडकी होती. उन्हाचा पट्टा फळीवर पडला होता आणि साबणाचा वास कोंडून राहिला होता. ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. खजिनदारांची चाहूल लागली तशा वळल्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न आला तो असा.

"बिलात काही चुकलंय का, काका?"

"नाही हो. चुकलं काही नाही."

"तो दुसऱ्या दुकानाचा दर जास्त होता, पण कारण लिहिलंय मी खाली."

"वाचलं." त्यांनी खुर्ची शोधली, नव्हती, तेव्हा ते चादरींच्या गठ्ठ्यावरच टेकले. "ताई, तीन दर कशाला आणायचे? अशा वेळी?"

"नाही आणले तर बिल परत आलं असतं."

"मी नसतं पाठवलं परत."

"ते मला कुठे माहीत होतं?" ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खजिनदारांना रागच हवा होता, रागाला उत्तर देता येतं. त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, खरंच नसतं पाठवलं? शेरा मारला असता कदाचित, कारणासह मंजूर, ह्यापुढे काळजी घ्यावी. हात तसाच चालला असता.

"पहिल्या दुकानदाराने मला बसायला दिलं," ताई चादरीची घडी मोडत सांगू लागल्या. "तो म्हणाला, बाई, दर कशाला लिहून घेता, न्या तशीच, पैसे सावकाश द्या. मी म्हटलं, नाही, कागद लागतो. त्याला वाटलं असेल हिच्या काळजाच्या जागी दगड आहे. पण त्याची लहान पडत होती. मला वाटलं होतं पुरेल. मी तिला रोज बघत होते ना, रोज बघितलं की कळत नाही."

खजिनदार गठ्ठ्यावर सरसावून बसले. आता विचारायचं होतं. बाहेर अंगणात चेंडू भिंतीवर आपटत होता आणि मुलं कुजबुजत होती, आजोबा असल्यामुळे असेल.

"ताई, गाडीचं बिल दिसलं नाही मला."

ताईंचा हात चादरीवर थांबला.

"तुम्ही तिला नेलंत कशी?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, आजारी माणसाकडे बघावं तसं. त्यांच्या कपाळावरचा तो दांड्याचा लाल वण पाहिला. मग त्या म्हणाल्या, "गाडी केली होती की. कोपऱ्यावरच मिळाली, लगेच. रस्ता पण मोकळा होता. पैसे किरकोळ झाले, म्हणून नाही लावलं बिल."

खजिनदारांनी जन्मभर खोटी बिलं पकडली होती. खरं बिल मळकं असतं, त्यात खाडाखोड असते, तारीख घाईत चुकलेली असते, ते देणारा माणूस अडखळतो. खोटं बिल कसं स्वच्छ असतं, त्यात सगळं जिथल्या तिथे. आणि ज्या रस्त्याने ते स्वतः आत्ता आले होते, ह्याच वेळेला, त्याच रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. ह्या बाईचा एक आकडा कधी खोटा निघाला नव्हता. फुलांच्या चुरगळलेल्या पावतीतही नाही. आणि आज तिने समोर उभं राहून एक साफ खोटं त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. त्यांच्यासाठी. म्हणजे ती थांब्यावर उभी राहिली होती. पोरीला खांद्यावर घेऊन, बसची वाट बघत उभी राहिली होती, आणि ते ओझं आठ दिवस एकटी वागवत होती, आणि आता त्यातलं चिमूटभरही ती त्यांच्या खांद्यावर द्यायला तयार नव्हती. विचारायला त्यांच्याजवळ प्रश्न होते. गाडी कुठल्या रंगाची होती, ड्रायव्हर काय म्हणाला, दार कुणी उघडलं. दुसऱ्या प्रश्नालाच हे बिल फाटलं असतं, त्यांना ठाऊक होतं. ते प्रश्न त्यांच्या जिभेपर्यंत आलेही. ताई हात पुढे बांधून उभ्या होत्या, त्यांच्या टेबलासमोर इतकी वर्षं उभ्या राहिल्या तशाच, पास होतंय की परत जातंय ते बघत. फक्त आज डोळ्यांत भीती नव्हती, कणव होती, आणि ती कणव आपल्याला पेलायची नाही असं त्यांना वाटलं.

"बरं," ते म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा निघाला. "लगेच मिळाली ते बरं झालं."

ताईंनी मान हलवली. दोघांपैकी कुणीही खाली बघितलं नाही, आणि दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. मग त्या परत चादरींकडे वळल्या, त्यांनी एक उचलून झटकली, आणि एकटीला ती आवरेना, किंवा आवरत असूनही असेल, म्हणाल्या, "काका, ते टोक धरता का जरा?"

खजिनदारांनी उठून टोकं धरली. ताईंनी पलीकडची दोन धरली. चादर मधे ताणली, एकदा दुमडली, मग दोघं एकेक पाऊल पुढे आले, टोकाला टोक लावायला. चादर लहान होती, मुलांच्या चादरी लहानच असतात, दोन पावलांत माणसं समोरासमोर येतात. टोकं त्यांच्या हातात देताना ताईंचे हात सुटेनात. आठ दिवसांत ज्या बाईला कुणी रडताना पाहिलं नव्हतं ती तिथे उभ्याउभ्या रडायला लागली, आधी आवाज न करता आणि मग आवाजाने, आणि बाहेर चेंडू थांबला. खजिनदारांना काहीतरी म्हणायचं होतं. ते चादर घट्ट धरून उभे राहिले.